१२ वर्षांच्या मुलीचा गुडघा, ओसीडी आणि टी२ मॅपिंगचा आकडा

मानेवाडा_आई

नमस्कार. इथे डॉक्टर, फिजिओ आणि खेळणाऱ्या मुलांचे पालक आहेत म्हणून विचारते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी मुलगी १२ वर्षांची, सातवीत आहे. तिसरीपासून खो-खो खेळते, रोज संध्याकाळी रेशीमबागेच्या मैदानावर प्रॅक्टिस. दिवाळीनंतर डावा गुडघा आतल्या बाजूनं दुखतो म्हणू लागली. पळताना फारसा नाही, पण चौकोनात उकिडवं बसलेली असताना खो मिळाला की झटक्यात उठावं लागतं, तेव्हा कळ येते. प्रॅक्टिस झाली की गुडघा भरल्यासारखा दिसायचा, सकाळपर्यंत उतरायचा. पडली नाही, मार लागला नाही. पहिल्या डॉक्टरांनी "वाढीचं वय आहे, दुखणारच" म्हणून मलम दिलं. ते लावत राहिलो, फरक पडेना. मग ऑर्थोपेडिककडे नेलं. त्यांनी गुडघा वाकवून वेगळ्या कोनातून एक्स-रे काढला, टनेल व्ह्यू म्हणाले. त्यात मांडीच्या हाडाच्या टोकाला खळगा दिसला. ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसेकन्स, म्हणजे ओसीडी, सांध्यातल्या हाडाचा छोटा भाग कमकुवत होऊन सुटू शकतो असा आजार. मग ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीनवर एमआरआय झाला, त्यात टी२ मॅपिंग पण केलं, म्हणजे कार्टिलेजची (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराची) आकड्यात तपासणी.

रिपोर्टमधलं जसंच्या तसं लिहिते: मीडियल फिमोरल कॉन्डाइलच्या लॅटरल बाजूला १४ × ११ मिमीचा ऑस्टिओकॉन्ड्रल लिजन. फायसिस ओपन. वरचं कार्टिलेज अखंड. लिजनच्या मागे टी२ हाय सिग्नलची रेषा. सांध्यात थोडं पाणी. कार्टिलेजचा टी२ लिजनवर ५८ मिलीसेकंद, संदर्भ जागेवर ४४. (कॉन्डाइल म्हणजे मांडीच्या हाडाचं गोल टोक, मीडियल आतलं, लॅटरल बाहेरचं; लिजन म्हणजे बिघडलेला भाग; संदर्भ जागा म्हणजे तुलनेसाठी घेतलेली जागा.)

डॉक्टर म्हणाले तीन महिने खेळ पूर्ण बंद, मग परत बघू. पण घरी आल्यावर मी नेटवर शोधलं तर एका तक्त्यात ५० च्या वर म्हणजे कार्टिलेज खराब असं दिसलं. नणंदेच्या यजमानांचं म्हणणं की ती "हाय सिग्नलची रेषा" म्हणजे तुकडा सुटत आला आहे, मुंबईला नेऊन लगेच ऑपरेशन करा. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

मला विचारायचं आहे की ५८ हा आकडा खरंच वाईट आहे का? पुढचा एमआरआय घराजवळच्या सेंटरवर स्वस्तात होतो, १.५ टेस्लाचा, तिथे केला तर चालेल का? आणि तिथले लोक डाय (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) टाकून केला तर अजून स्पष्ट दिसेल म्हणतात, ते करावं का? मुलगी रोज विचारते, आई मी परत खेळणार ना. तिला काय सांगू?

---

त्रिमूर्तीनगर_बाबा

ताई, आधी घाबरणं सोडा. आमच्या पोराला हेच झालं होतं, उजव्या गुडघ्यात, तो १३ चा होता, फुटबॉल खेळायचा. आम्हालाही लोकांनी हजार गोष्टी सांगितल्या. डॉक्टरांनी खेळ बंद केला, आधी कुबड्या दिल्या, मग ब्रेस. त्याचं व्हिटॅमिन डी पण कमी निघालं, त्याच्या गोळ्या चालू केल्या. एक्स-रेमध्ये तो खळगा हळूहळू भरत गेला. ऑपरेशन लागलं नाही.

आमच्या वेळी हे टी२ मॅपिंग वगैरे कोणी केलं नव्हतं, त्यामुळे त्या आकड्याचं मी काही सांगू शकत नाही. एक गोष्ट मात्र बापाच्या नात्यानं सांगतो. पोराला घरी बसवलं की ते चिडतं, रडतं, गुपचूप खेळायला पळतं. आमचा तर शाळेच्या मधल्या सुट्टीत खेळून यायचा. शेवटी कोचला जाऊन भेटलो आणि त्याला टीमसोबतच ठेवा म्हणालो. स्कोअर लिहायला दिला, गोलकीपरला बॉल फेकून द्यायचं काम दिलं. मग राहिला तो. तुमच्या कोचशी बोला.

---

क्ष_किरण_ताई

ताई, नमस्कार. मी रेडिओलॉजिस्ट आहे, नागपुरातच काम करते. तुमच्या मुलीच्या इमेजेस मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे उपचाराचा निर्णय तुमच्या ऑर्थोपेडिकचाच. पण त्या ५८ नं तुमच्या घराची झोप उडवली आहे म्हणून स्पष्टच लिहिते. लहान मुलाच्या गुडघ्यातला टी२ चा आकडा त्याच मुलाच्या, त्याच जागेच्या, त्याच मशीनवर काढलेल्या आधीच्या आकड्याशी ताडून बघायचा असतो. तुमच्या मुलीचा हा पहिलाच आकडा आहे. तो आकडा आजाराचा आहे की निरोगी हे अजून ठरतच नाही. तो फक्त नोंदवून ठेवायचा आहे.

का ते सांगते, कारण पुढचे काही महिने तुम्हाला लोक काय काय सांगतील आणि त्यातलं काय ऐकायचं हे तुम्हाला कळलं पाहिजे.

एमआरआयमध्ये शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनला रेडिओ लहरीनं चेतवतात. लहर थांबली की तो सिग्नल विरत जातो. किती वेळात विरतो, तो वेळ म्हणजे टी२, मिलीसेकंदात मोजलेला. कार्टिलेजचं साधारण ६५ ते ८० टक्के वजन पाण्याचंच असतं आणि ते पाणी कोलॅजनच्या तंतूंच्या जाळीत धरलेलं असतं. जाळी घट्ट आणि नीट रचलेली असेल तर सिग्नल पटकन विरतो, टी२ कमी येतो. जाळी सैल झाली, पाणी वाढलं, की टी२ वाढतो. मशीन एकाच जागेचे लागोपाठ अनेक एको, म्हणजे परत येणारे सिग्नल, घेतं, प्रत्येक पिक्सेलमध्ये सिग्नल किती वेगानं उतरतो ते मोजतं आणि त्याचा रंगीत नकाशा बनवतं. सीमेन्सच्या मशीनवर त्याला मॅपइट म्हणतात, जीईच्या मशीनवर कार्टिग्राम. तत्त्व तेच.

नेटवरचे तक्ते मोठ्या माणसांचे असतात. मोठ्यांच्या गुडघ्यात ३ टेस्लावर साधारण ३० ते ५० मिलीसेकंद दिसतं. १२ वर्षांच्या मुलीचं कार्टिलेज अजून घडतं आहे. खालच्या थरातले तंतू हाडाला काटकोनात उभे आणि वरच्या थरातले पृष्ठभागाला समांतर, ही मोठ्यांमधली रचना तिच्यात पूर्ण झालेली नाही. पाणी जास्त आहे. म्हणून निरोगी मुलांचे आकडेसुद्धा मोठ्यांपेक्षा वर असतात आणि वय वाढेल तसे खाली येतात. मोठ्यांचा तक्ता लावून मुलांचं कार्टिलेज खराब ठरवायचं म्हटलं तर रेशीमबागेतल्या निम्म्या मुलांना आजारी म्हणावं लागेल.

दुसरी अडचण भूमितीची आहे. तंतू मुख्य चुंबकीय क्षेत्राशी ५५ अंशांच्या आसपास कलले की टी२ आपोआप वाढलेला दिसतो, तिथे आजार नसला तरी. मांडीच्या हाडाचं टोक गोल आहे, त्यामुळे त्या वळणावर कुठे ना कुठे हा कोन येतोच. म्हणजे ५८ आणि ४४ या दोन जागा एकाच वळणावरच्या नसतील तर त्यांची तुलनाच खोटी. त्यात कार्टिलेजची जाडी काही मिलीमीटर आणि पिक्सेल साधारण अर्धा मिलीमीटर, म्हणजे मोजायला मोजकेच पिक्सेल मिळतात. मोजणाऱ्याची रेघ किंचित बाहेर गेली आणि सांध्यातलं पाणी आत आलं, तर आकडा उडी मारतो. तुमच्या रिपोर्टमध्ये सांध्यात पाणी आहे असं लिहिलेलंच आहे. तेव्हा एकच विचारा, संदर्भ जागा कुठली घेतली होती.

आता मूळ आजाराकडे येते, कारण तिथे कार्टिलेजपेक्षा हाड महत्त्वाचं आहे. १८८७ साली जर्मन सर्जन फ्रान्झ कोनिग यांनी या आजाराला हे नाव दिलं. सांध्यात दाह होऊन तुकडा सुटतो असा त्यांचा समज होता. पुढे तपासलं तेव्हा दाह काही सापडला नाही. आज जे चित्र सगळ्यात पटतं ते असं. मुलांच्या हाडाचं टोक आधी कार्टिलेजचं असतं आणि आतून बाहेर हळूहळू त्याचं हाड होत जातं. त्या वाढत्या कार्टिलेजमध्ये बारीक रक्तवाहिन्या असतात. त्यातल्या एखाद्या तुटल्या, तर तेवढा भाग मरतो आणि त्याचं हाड व्हायचं थांबतं. वाफ्यात पाणी सोडल्यावर मधल्या ढेकळाला वळसा घालून ते पुढे जातं, तशी हाड होण्याची कड त्या मेलेल्या भागाला वळसा घालून पुढे सरकते आणि तो भाग मागे राहतो. डुकरांमध्ये आणि घोड्यांमध्ये हा आजार पशुवैद्यांनी फार बारकाईनं अभ्यासला आहे. मुलांच्या गुडघ्यात तोच क्रम एमआरआयवर दिसतो हे मिनेसोटा विद्यापीठातल्या युट्टा एलरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ पासून मांडलं आहे.

यात मला आशेची वाटणारी गोष्ट अशी की मागे राहिलेल्या त्या भागाचं पुन्हा हाड होऊ शकतं. ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं ती पट्टी, उघडी असेल, म्हणजे तुमच्या रिपोर्टमधलं "फायसिस ओपन", तर ती शक्यता चांगली असते. हे मोजायला टी२ पेक्षा टी२-स्टार जास्त उपयोगी पडतो. तो ग्रेडियंट एको पद्धतीनं मोजतात आणि त्याला हाडातल्या खनिजाची चाहूल लवकर लागते. मधल्या तुकड्यात हाड तयार होऊ लागलं की त्याचा टी२-स्टार उतरतो. मिनेसोटाच्या गटानं नेमकं हेच महिनोनमहिने त्याच मुलांमध्ये मोजलं. म्हणून तुमचा पुढचा स्कॅन करताना कार्टिलेजच्या टी२ सोबत लिजनचा टी२-स्टार काढता येईल का, हे सेंटरला आधी विचारा. त्याचा सीक्वेन्स, म्हणजे स्कॅनची ती पद्धत, बहुतेक ३ टेस्ला मशीनवर असतो. रोज कोणी वापरत नाही, एवढंच.

आता त्या रेषेबद्दल, म्हणजे नणंदेच्या यजमानांच्या मुद्द्याबद्दल. त्यांनी जे वाचलं असेल ते मोठ्यांसाठी खरं आहे. मोठ्या माणसात लिजनच्या मागे टी२ पद्धतीच्या चित्रावर पांढरी रेषा दिसली की तुकडा सुटत आहे असं धरतात. मुलांमध्ये तसं धरलं तर काय होतं हे २००८ मध्ये विस्कॉन्सिनच्या किजोव्स्की आणि सहकाऱ्यांनी तपासलं. मोठ्यांचे ते सगळे निकष एकत्र लावले तर मुलांमधला एकही अस्थिर लिजन नजरेतून निसटत नाही, पण विशिष्टता फक्त ११ टक्के. म्हणजे घट्ट बसलेले बहुतेक लिजनसुद्धा सुटलेले ठरतात आणि नको त्या मुलांवर ऑपरेशनची वेळ येते. मुलांमध्ये ती रेषा सांध्यातल्या पाण्याइतकीच पांढरी असेल, तिच्याबाहेर अजून एक काळी कड असेल किंवा कार्टिलेजखालचं हाडाचं कवच अनेक ठिकाणी तुटलेलं असेल, तरच तिला अस्थिरतेची खूण मानायचं. खाली सिस्ट, म्हणजे हाडातल्या पोकळ्या, असतील तर त्या अनेक आहेत का किंवा ५ मिमीपेक्षा मोठ्या आहेत का ते बघायचं. तुमच्या रिपोर्टमध्ये यातलं काहीच लिहिलेलं नाही, ना आहे म्हणून ना नाही म्हणून. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना भेटून हे विचारा. तो तुमचा हक्क आहे आणि कुठलाही रेडिओलॉजिस्ट पुन्हा इमेजेस उघडून बघेल. माझ्या मते तुमच्या मुलीच्या रिपोर्टमधला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे, ५८ नाही.

घराजवळच्या १.५ टेस्लाच्या सेंटरबद्दल. लिजन केवढा, कार्टिलेज अखंड आहे का, एवढंच बघायचं असेल तर चांगला १.५ टेस्ला पुरतो. पण आकडा ताडायचा असेल तर मशीन बदलू नका. १.५ आणि ३ टेस्लाचे टी२ वेगळे येतात, कंपनी बदलली तरी वेगळे येतात, किती एको घेतले आणि पहिला एको गणितात धरला की सोडला यानंही फरक पडतो. आज ५८ आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या मशीनवर ५० आलं, तर मुलगी सुधारली की मशीन वेगळं, हे मी काय, कोणीच सांगू शकणार नाही.

डायबद्दल माझं उत्तर: नको. कार्टिलेजसाठी डायची एक जुनी पद्धत आहे, डीजेमरिक. त्यात गॅडोलिनियमचा डाय शिरेतून दुप्पट मात्रेत देतात, मग रुग्णाला चालायला लावून तासा-दीड तासानं स्कॅन घेतात आणि त्यातून प्रोटिओग्लायकन (कार्टिलेजमध्ये पाणी धरून ठेवणारा घटक) किती उरलं ते मोजतात. अभ्यासासाठी ती फार मोलाची होती. पण गॅडोलिनियमचा अंश शरीरात साठून राहतो हे कळल्यावर २०१७ मध्ये युरोपात लिनियर प्रकारचे बहुतेक डाय शिरेतून द्यायचे थांबवले. तुमच्या मुलीचा निर्णय डायशिवाय दिसणाऱ्या गोष्टींवर होणार आहे. तिला सुई कशासाठी टोचायची?

---

मानेवाडा_आई

डॉक्टर ताई, एवढं सविस्तर कोणी सांगितलंच नव्हतं. यजमानांना आणि सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. मनापासून आभार.

आज सेंटरला फोन केला. संदर्भ जागा म्हणून त्याच गुडघ्याचा लॅटरल कॉन्डाइल घेतला होता म्हणाले. तिथल्या डॉक्टर मॅडम फार चांगल्या आहेत, उद्या या म्हणाल्या, पुन्हा उघडून दाखवते म्हणाल्या. रेषेचं आणि सिस्टचं कागदावर लिहून नेते आहे.

अजून विचारायचं आहे. दुसरा गुडघा दुखत नाही, तरी तपासावा का? आणि खो-खोचं काय? पुढच्या वर्षी जिल्हा निवड आहे, ती त्याचाच धोशा लावून बसली आहे. दादा, कोचशी बोलले आजच, तुम्ही म्हणालात तसं.

---

ऑर्थो_रेसिडेंट_मेडिकल

मी मेडिकलला ऑर्थोपेडिक्समध्ये रेसिडेंट आहे. उपचाराच्या बाजूनं थोडं.

दुसऱ्या गुडघ्याचा टनेल व्ह्यू एक्स-रे जरूर काढा. ओसीडी काही मुलांमध्ये दोन्हीकडे असतो आणि दुसऱ्या बाजूला दुखतच असेल असं नाही. साध्या समोरच्या एक्स-रेत कॉन्डाइलचा मागचा भाग झाकला जातो, म्हणून टनेल.

खेळ बंद ठेवण्यामागचं कारण असं. अमेरिकेतल्या वॉल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वाढीच्या वयातल्या मुलांचे ४७ गुडघे अभ्यासले. सगळे स्थिर लिजन. आधी प्लास्टर, मग ब्रेस आणि खेळ बंद, ऑपरेशन नाही. सहा महिन्यांत साधारण दोन-तृतीयांश भरण्याच्या मार्गाला लागले. ज्यांचे भरले नाहीत त्यांच्यात दोन गोष्टी जास्त दिसल्या: लिजन मोठा असणं, आणि सूज किंवा गुडघा अडकणं अशी लक्षणं. तुमच्या मुलीचा गुडघा सुजतो आहे, म्हणून सूज कधी येते, किती राहते याची वही ठेवा. डॉक्टरांना ती उपयोगी पडेल. गुडघा अडकला, पूर्ण सरळ होईना, तर तीन महिन्यांची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

तीन ते सहा महिन्यांत भरण्याची चिन्हंच नाहीत, तर मग ड्रिलिंग विचारात घेतात. बारीक छिद्रं पाडून त्या भागात रक्त यायला वाट करून देतात. तुकडा खरंच सुटत असेल तर स्क्रू किंवा पिननं बसवतात. या दोन्हीची वेळ आज आलेली नाही. मुंबईला न्यायची घाई कशाला? हे सगळं नागपुरात होतं.

---

खोखो_सर

ताई, मी शाळेत खो-खो शिकवतो. तुमच्या लेकीला कळ येते ती नेमकी चौकोनातून उठताना, हे वाचून थांबलो. आक्रमण करताना आठ पोरं मध्यपाटीवर उकिडवी बसून राहतात, कोणाला कधी खो मिळेल नेम नाही, आणि मिळाला की एका पायावर सगळा जोर टाकून उठायचं. वाढत्या गुडघ्याला सगळ्यात जास्त तेच लागतं. खांबावर सूर मारणं त्यानंतर. पोरी सांगत नाहीत, कारण सांगितलं की टीमबाहेर जाऊ असं वाटतं.

डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच परत, आणि परत आल्यावरही पहिले दोन-तीन महिने फक्त धावक म्हणून, चौकोनात बसणं नाही. कोचला सांगा. जिल्हा निवड दरवर्षी असते. या वर्षी तिला पंचांच्या शेजारी बसवून वेळ आणि गुण लिहायला द्या, खेळ डोक्यानं शिकेल. एक विनंती सगळ्याच पालकांना: पोर महिनाभर एकाच गुडघ्याबद्दल सांगत असेल तर "वाढीचं वय" म्हणून सोडून देऊ नका.

---

क्ष_किरण_ताई

सरांनी फार नेमकं लिहिलं. गुडघा खूप वाकलेला असतो तेव्हा कॉन्डाइलचा मागचा भाग नडगीच्या हाडावर दाबला जातो. गुडघे वाकवून खाली बसणं हे आपल्या मुलांच्या खेळातच आहे असं नाही, शाळेच्या प्रार्थनेला, घरी जेवताना पाटावर, सगळीकडे आहे. तीन महिने खुर्ची आणि डायनिंग टेबल. नसेल तर पलंगाच्या काठावर ताट. शाळेतही कळवा.

ताई, संदर्भ जागा लॅटरल कॉन्डाइल होती, म्हणजे ५८ आणि ४४ ची तुलना मनातून काढूनच टाका. दोन कॉन्डाइलवर भार वेगळा पडतो, वळण वेगळं, कार्टिलेजची जाडी वेगळी. निरोगी मुलातही दोन्हीकडे सारखा आकडा येईल असं नाही. उद्या मॅडमना भेटाल तेव्हा त्याच कॉन्डाइलवर, लिजनच्या शेजारी, त्याच वळणाच्या जवळपासच्या निरोगी पट्टीतला टी२ काढून मागा. डेटा त्यांच्याकडे असेलच, मुलीला पुन्हा मशीनमध्ये जायची गरज नाही. आणि खोल थर आणि वरचा थर वेगळे मोजायला सांगा. कार्टिलेजवर खरा परिणाम व्हायला लागला असेल तर तो सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, आणि सरासरीत तो लपतो.

अजून एक, मुलांमध्ये हे फार होतं म्हणून लिहिते. १०-११ वर्षांच्या आतल्या मुलांच्या कॉन्डाइलच्या अगदी मागच्या भागात हाड असं ठिगळाठिगळानं बनतं की एक्स-रेवर तो ओसीडीच वाटतो. तो आजार नसतो, वाढीचा भाग असतो, आपोआप भरून येतो. तुमच्या मुलीचा लिजन ओसीडीच्या नेहमीच्या जागी आहे, वय त्या मर्यादेच्या पलीकडे आहे आणि सूज आहे, त्यामुळे तिच्याबाबत ही शंका मला वाटत नाही. पण दुसऱ्या गुडघ्याच्या एक्स-रेत मागे काही खडबडीत दिसलं, तर लगेच दोन्ही गुडघे गेले असं समजू नका. मॅडमना जागा नेमकी कुठली ते विचारा.

पुढच्या स्कॅनची तयारी. तो कधी करायचा ते ऑर्थोपेडिक ठरवतील. मधे एक्स-रेवर काम भागतं आणि दर तीन महिन्यांनी एमआरआय काढायची गरज सहसा नसते. करायचा असेल त्या दिवशी मुलीला स्कॅनच्या आधी निदान अर्धा तास शांत बसवून ठेवा. पळल्यावर, जिने चढल्यावर कार्टिलेज दाबलं जातं, पाणी पिळून निघतं आणि टी२ खाली येतो, तो सुधार नसतो. पहिला स्कॅन सकाळी झाला असेल तर पुढचाही सकाळीच घ्या. तेच मशीन, तोच गुडघ्याचा कॉइल, तोच सीक्वेन्स. फिल्म तर घ्याच, पण सीडीवर संपूर्ण डायकॉम डेटा, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइली, मागा, टी२ चे सगळे एको धरून. बहुतेक ठिकाणी फक्त रंगीत नकाशाचं चित्र देतात. त्या चित्रावरून पुन्हा मोजता येत नाही. एको असतील तर उद्या तुम्ही कुठल्याही शहरात गेलात तरी तिथला डॉक्टर पुन्हा मोजू शकतो, आणि नणंदेच्या यजमानांनाही समाधान मिळेल की मत दुसरीकडूनही घेता येतं.

मुलीला झोपेचं इंजेक्शन लागणार नाही. १२ वर्षांची मुलगी समजावून सांगितलं की स्थिर झोपते. गुडघ्याच्या स्कॅनला पाय आधी आत जातात, डोकं बहुतेक मशीनच्या तोंडाशीच राहतं. आवाज मोठा असतो, कानात बोळे आणि वरून हेडफोन मागून घ्या. आई शेजारी बसू शकते, अंगावर किंवा शरीरात धातू नसला की झालं. मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना, फोन, एटीएम कार्ड सगळं बाहेर. ब्रेस लावत असेल तर त्याच्या बिजागऱ्या धातूच्या असतात, तो खोलीबाहेर काढायचा आणि आत-बाहेर करताना पायावर भार न देता व्हीलचेअरनं न्यायचं. एमआरआयला किरणोत्सर्ग नसतो, त्यामुळे गरज पडली म्हणून दुसऱ्यांदा काढला तर त्यातून अपाय होईल ही भीती ठेवू नका.

उद्या मॅडम काय म्हणतात ते इथे लिहा. पाण्याइतकी पांढरी रेषा, बाहेरची काळी कड, कवचाचे तुकडे, सिस्टचा आकार, आणि शेजारच्या पट्टीचा नवा टी२. एवढं कळलं की पुढचं बोलू.